धाकटीत अजून आहे

बंदूक बघायला माणूस दुपारच्या आत येणार होता आणि काकी सकाळपासून एका जागी टेकल्या नव्हत्या. पुसलेला ओटा पुन्हा पुसून झाला. डब्यांची झाकणं घट्ट आहेत की नाहीत ते बघून झालं. बाहेरच्या खोलीतली खुर्ची खिडकीशी नेली, तिथं ती डोळ्यांत खुपायला लागली म्हणून परत भिंतीशी आणली. थोरल्या मुलानं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, की आई, खुर्चीला फिरायला नेतेस का. काकी म्हणाल्या, खुर्ची निदान हलवली की हलते, तुझं तेवढंही नाही.

गल्लीत सगळे त्यांना तोंडावर काकी म्हणत आणि पाठ फिरली की तोफखाना. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चार बुकंही न शिकलेल्या बाईनं सगळ्या गल्लीला धाकात ठेवलंय, हे काय कमी झालं.

बंदूक आतल्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली काकींच्या कमरेला. नवऱ्याची दुनळी. ते गेले त्याला सहा वर्षं झाली आणि शिकार तर त्याच्याही कितीतरी आधी बंद झालेली, घरात कुणी तिचं नाव काढत नव्हतं. नवरा तेवढा शेवटपर्यंत वर्षाकाठी एकदा दलदलीच्या कडेला जाऊन पत्र्याच्या डब्यांवर बार काढून यायचा. म्हणायचा, वापरली नाही तर बंदूकही माणसासारखी किरकिरी होते. ते गेल्यावर परवाना थोरल्याच्या नावावर आला आणि दर खेपेला तो ठाण्यात दाखवायला जायचं म्हटलं की थोरला सबबी शोधायचा. लहानपणी फटाक्याची वात पेटवायची तर याला काठीच्या टोकाला उदबत्ती बांधून लागे. अशा माणसाच्या नावावर बंदूक.

म्हणून तो सारखा म्हणे, देऊन टाकू. काकी ऐकून न ऐकल्यासारखं करत. मग परवा जेवताना तो विषय पुन्हा निघाला आणि धाकटी सून हळूच म्हणाली, राहू द्या ना, मामंजींची आठवण आहे.

झालं. तिच्या तोंडून 'मामंजी' ऐकलं आणि काकींच्या डोक्यात सणक गेली. त्यांनी हातातला पेला आपटला आणि म्हणाल्या, न्या, घेऊन जा एकदाची, कपाट तरी मोकळं होईल. थोरल्यानं दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आणलं. आता शब्द परत घ्यावा तर जीभ वळेना. आजवर काकींनी सांडलेलं दूध परत पातेल्यात भरलं असेल, पण बोललेला शब्द कधी परत घेतला नव्हता.

सुनेवर राग का, तर त्याच्या मुळाशी एक वाक्य होतं.

नवरा गेला तेव्हा ही धाकटी नुकती घरात आली होती. बोलायची ती शेजारच्यालाही ऐकू येत नसे, दूध उतू जाईपर्यंत पातेल्याकडे बघत उभी राहायची. तिचा नवरा बोटीवर, सहा-सहा महिने पत्ता नाही, त्यामुळे तिची बाजू घेणारंही कुणी नव्हतं. काकी उठता-बसता म्हणायच्या, हिच्यात काही नाही. पाहुण्यांसमोर म्हणायच्या, भांडी लावता-लावता म्हणायच्या, तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या. आणि नवऱ्याचं दुखणं शेवटाला गेलं, आदल्या रात्रीपासून वाचा बंद झाली, सगळे खाटेभोवती उभे राहिले, तेव्हा संध्याकाळच्या सुमाराला त्यानं एकदम डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाला:

"धाकटीत अजून आहे. सांभाळून."

त्यावर डोळे मिटले ते मिटलेच.

खोलीतल्या सगळ्यांनी काकींकडे पाहिलं. ते बघणं काकी विसरल्या नाहीत. चाळीस वर्षांचा संसार माझा, पथ्यपाणी मी केलं, रात्री मी जागवल्या, आणि माणूस जाता-जाता सुनेची वकिली करून गेला. तेही चारचौघांत. सून मात्र त्या दिवसापासून ताठ झाली. मागची खोली मागून घेतली, जुनं शिलाई मशीन आणलं, जाड कापडाच्या पिशव्या आणि खोळी शिवायला लागली. आता तिच्या हाताखाली बायका काम करत होत्या, दुकानदार दारात येऊन थांबत होते. कुणी वाखाणलं की ती मान खाली घालून म्हणायची, मामंजी म्हणाले होते ना. प्रत्येक वेळी काकी तिथून उठून जायच्या.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून काकी बंदुकीवर रुसल्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता. सुनेनं तिच्यासाठी नवी खोळ शिवली, जुन्या खोळीसकट बंदूक त्यात सरकवली, तेव्हाही काकी पाठ करून उभ्या होत्या.

गिऱ्हाईक निघालं दातांचा डॉक्टर. जुन्या बंदुकांचा शौकीन, घरी म्हणे कपाटंच्या कपाटं भरलेली. गोरापान, बुटांत तोंड दिसावं असे बूट, आणि खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले तेव्हा थोरल्यानं आपसूक तोंड मिटून घेतलं. काकींनी किल्ली थोरल्याच्या हातावर ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. बंदूक जाताना बघायचं नाही असं ठरवलं होतं. ऐकायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, त्यामुळे त्या पडद्यालगतच्या फडताळाशी उभ्या राहून कपबशा इकडच्या तिकडे करू लागल्या. सून चहा टाकत होती. तिनं विचारलं, की आई, बशा मोजताय का. काकींनी आणखी एक बशी सरकवली.

बाहेर खोळ सुटली आणि डॉक्टरनं बंदूक उजेडाकडे धरली. मग दबक्या आवाजात सुरू झाला. नळ्यांवर ही नक्षी बघा, वाहत्या पाण्यासारखी, लोखंड आणि पोलाद पिळून-पिळून ठोकल्याशिवाय अशी येत नाही, आता असं काम करणारा माणूस शोधून मिळायचा नाही. हे अक्रोडाचं लाकूड बघा, आतून धूर फिरल्यासारखं. बाजूच्या लोखंडी पत्र्यावर एका अंगाला कुत्रं कोरलंय, दुसऱ्या अंगाला उडतं बदक, आणि बदकाचं पीस न् पीस वेगळं. थोरला हो-हो करत होता. ते बदक त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं असणार.

काकींना ते बदक बोटांनी पाठ होतं. थंडीत बोटं बधिर झाली की त्या अंगठा त्याच्या पंखावर घासायच्या.

मग डॉक्टर चुकचुकला. "अरेरे. दस्ता कुणीतरी कापलाय. चांगला दोन बोटं आखूड केलाय. कुणा अडाण्याचं काम?"

थोरला म्हणाला की बाबांनीच काहीतरी दुरुस्ती केली असेल.

काकींच्या हातातली बशी तिथंच थांबली. अडाणी. तो अडाणी एक अख्खी दुपार गुडघ्यात दस्ता धरून बसला होता. थोडं कापायचा, बायकोच्या खांद्याला लावून बघायचा, पुन्हा कापायचा. काकी तेव्हा नवी नवरी, त्या वेळची घरातली धाकटी सून. उंचीनं बेताची, बंदूक तिच्या काखेत मावेना. घरात थोरली जाऊ होती, तिच्या तोंडाला सगळे वचकून असत. नवऱ्यानं उजव्या नळीला नाव ठेवलं थोरली आणि डावीला धाकटी. का, तर उजव्या नळीचे छर्रे बाहेर पडताच ऐसपैस पसरायचे, जवळचं सगळं झोडपून काढायचे. डावीचं तोंड किंचित आवळलेलं, तिचे छर्रे घट्ट मोट बांधून लांबवर जायचे. तो म्हणायचा, थोरली अंगणातच गाजते, धाकटी गप असते पण लांबचं धरते. आणि तिच्याकडे बघून हसायचा. हे त्या दोघांतलंच बोलणं. घरात तिसऱ्या कुणाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर थोरल्या जावेनं बंदूक चुलीत घातली असती.

पहाट व्हायच्या आत दोघं दलदलीत उतरायची. पाणी पोटऱ्यांपर्यंत, लव्हाळ्याची पाती गालाला कापायची, आणि बोलायचं नाही म्हणजे अजिबात नाही. आयुष्यात काकी गप्प बसल्या असतील तर तिथंच. आधी पंखांची शीळ ऐकू यायची, मग बदकं दिसायची. एकदा एक चुकार बदक फार उंच, फार लांबून चाललं होतं. नवऱ्यानं मान हलवली, सोड. तिनं डावा घोडा अंगठ्यानं मागं ओढला, नळीच्या टोकावरची नेमाची माशी बदकाच्या पुढं नेली आणि बार काढला. आवाज विरला तरी बदक उडतच होतं, आणि मग एकदम घडी मोडल्यासारखं खाली आलं. नवरा गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणाला, धाकटीनं नाव राखलं. घरी मात्र ते बदक त्याच्या नावावर गेलं. तिनं जाऊ दिलं. खांद्यावरचा काळानिळा डाग बाहीखाली झाकून ती भाकऱ्या थापायला बसली आणि आतल्या आत इतकी फुगली होती की थोरल्या जावेचं बोलणंही त्या दिवशी लागलं नाही.

काकींनी बशी ठेवली. पुन्हा उचलली. त्यांना बसवेना, उभं राहवेना. न्यायची तर लवकर न्या, कौतुक कसलं करता.

बाहेर डॉक्टर बंदूक उघडायला बघत होता. नळ्या मोकळ्या करायची वरची पट्टी सरकेना. गंजलीय, म्हणाला, जोर नको करायला. थोरल्यानं छातीठोकपणे सांगितलं की रिकामीच आहे, बाबा या बाबतीत फार कडक, भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत आणायचे नाहीत. डॉक्टर म्हणाला, मग घोड्यांचा आवाज तरी ऐकू, कारागिराची खरी ओळख तिथंच पटते. दोन नळ्यांच्या मागं दोन घोडे, अंगठ्यानं मागं ओढायचे. चाप दाबला की घोडा आपटतो आणि बार उडतो.

खट् झालं. तो उजवा.

मग दुसरा. डाव्याचा आवाज वेगळा, जाडसर, जरा दमानं येणारा. सून चहाचा ट्रे घेऊन पडद्याकडे निघाली होती. आणि तो आवाज ऐकताना काकींना सहा वर्षांपूर्वीची, दुखण्याच्या आधीची एक संध्याकाळ दिसली.

नवरा शेवटचा दलदलीवरून आला तो नखशिखांत भिजून. अंगात ताप भरलेला. जोड्यांचा चिखल घेऊन सरळ आत शिरला म्हणून काकी कडाडल्या होत्या. त्या दिवशी सुनेशीही वाजलं होतं, ती मागच्या खोलीत तोंड फिरवून बसली होती. नवरा बंदूक कपाटात ठेवता-ठेवता म्हणाला होता, धाकटी रुसून बसलीय, उद्या बघतो तिच्याकडे. काकींना वाटलं, आला सुनेचा कैवारी. त्या म्हणाल्या, बसू दे रुसून, मी नाही समजूत काढणार. आणि नवरा खोकत हसला होता. तो उद्या काही उजाडला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो अंथरुणातून उठलाच नाही.

कागदी काडतुसं भिजली की फुगतात. फुगलेलं काडतूस नळीतून निघत नाही. अशा नळीला ती दोघं म्हणायची, रुसली.

धाकटीत अजून आहे. सांभाळून.

काकींचे गुडघे वर्षभर जिन्याच्या नावानं रडत होते, पण त्या पडद्यापर्यंत कशा पोहोचल्या ते त्यांनाही कळलं नाही. डॉक्टर हवेतल्या नसलेल्या पाखरामागं नळी फिरवत होता. खिडकीकडून भिंतीकडे, भिंतीकडून दाराकडे. दारात ट्रे घेऊन सून.

"डॉक्टर, बोट काढा. धाकटी भरलेली आहे."

सगळे थबकले. थोरल्यानं भावजयीकडे पाहिलं, मग मनातल्या मनात भावाच्या बोटीचा आणि महिन्यांचा हिशेब लावला असावा, कारण त्याचा चेहरा भलताच झाला. सुनेच्या ट्रेमधले कप किणकिणले. डॉक्टर सभ्य माणूस. त्यानं नळी खाली घेतली आणि म्हणाला, "अभिनंदन."

"अभिनंदन कसलं करता? बंदूक. डावी नळी. काडतूस आहे आत."

डॉक्टर बंदूक धरून जागीच उभा राहिला. दोन्ही घोडे ताणलेले, आणि ते खाली कसे आणायचे हे पुस्तकात वाचलेलं त्या क्षणी त्याच्या डोक्यातून पार गेलं. काकींनी सुनेला दारातून मागं ढकललं, पुढं होऊन बंदूक त्याच्या हातातून घेतली आणि खिडकीबाहेरच्या रिकाम्या मातीकडे नळ्यांचं तोंड केलं. दस्ता खांद्याला टेकला. जागच्या जागी, जसा कुणी मोजून ठेवला असावा तसा. डाव्या घोड्यावर अंगठा घट्ट रोवला, चाप हलकेच दाबला आणि झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा घोडा खाली ठेवला. मग उजवा.

पट्टी सरकत नव्हती ती त्यांच्या हाताला सरकली. नळी जरा वर उचलून धरायची आणि मग ढकलायची, एवढंच होतं. बंदूक कमरेत वाकून उघडली आणि डाव्या नळीच्या मागच्या टोकाशी काडतुसाची पितळी चकती दिसली. हिरवी पडलेली.

थोरला मटकन खुर्चीत बसला. त्याच खुर्चीत, भिंतीशी आणलेल्या.

काकी डॉक्टरला म्हणाल्या, "रोज दुसऱ्यांचे उपटता ना? हाही उपटा." त्याला काहीतरी काम दिलं नसतं तर तो पडलाच असता. त्यानं आपल्या पेटीतली साफ करायची लाकडी सळई काढली, उघड्या बंदुकीच्या पुढच्या तोंडाकडून आत घातली आणि हळूहळू रेटत राहिला. ते काडतूस निघालं तेव्हा त्याचा कागद सालपटासारखा सोलवटलेला होता.

भीती ओसरली की थोरल्याला बोलायची हुक्की येते. तो हसायलाच लागला. "म्हणजे बाबा त्या दिवशी बंदुकीचं सांगत होते. धाकटी म्हणजे डावी नळी. आणि आपण सगळे इतकी वर्षं..."

सून दारात उभी होती. ट्रे तिनं खाली ठेवला नव्हता. तिचा चेहरा काकींनी पाहिला. सहा वर्षांपूर्वी दूध उतू जाताना बघत उभी राहणारी तीच पोर, तसेच खांदे पडलेले.

आता काकींना फक्त गप्प बसायचं होतं, आणि सहा वर्षांचं कुसळ निघालं असतं. वकिली नव्हतीच. माणूस शेवटच्या शुद्धीत बोलला होता तो त्यांच्याशी, त्या दोघांपुरत्या बोलीत. खोलीभर माणसांत ते कळण्यासारखं एकच माणूस होतं, आणि तेच रागानं दुसरीकडे बघत होतं. ते वाक्य आता काकींचं होतं. हात पुढं केला की झालं.

"काय इतकी वर्षं?" त्या थोरल्याला म्हणाल्या. "बंदुकीचं मला त्यांनी त्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. काडतूस अडकलंय, काढून घे म्हणाले. मी विसरले."

"तू विसरलीस?"

थोरल्यानं हे असं विचारलं की जणू भिंत विसरली. काकी विसरल्या असं काकींच्या तोंडून त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि आज तर परका माणूस समोर होता.

"विसरले. नवरा मरायला टेकलेला, काडतुसं आठवत बसू? संध्याकाळचं बोलणं हिच्याबद्दलच होतं. बंदुकीला कुणी 'सांभाळून' म्हणतं का? चहा दे गं डॉक्टरांना, गार करून देणार आहेस का."

सून पुढं आली. ट्रे ठेवताना तिनं काकींकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

डॉक्टरनं चहा घेतला. त्यानं फार आदबीनं विचारलं की आता तुमचा विचार बदलला असेल तर मी समजू शकतो. थोरला आशेनं आईकडे बघत होता, बंदूक जावी म्हणून. काकींचा हात अजून दस्त्यावर होता. त्यांनी तो काढला.

"शब्द दिलाय. न्या."

डॉक्टर म्हणाला, चांगल्या ठिकाणी ठेवीन, दस्त्याला लाकडाचा तुकडा जोडून मूळच्यासारखा करून घेईन.

"दस्त्याला हात लावायचा नाही," काकी म्हणाल्या. "तो कापलेला नाही. बेतलेला आहे." मग त्याला शाळेतल्या पोरासारखं समोर उभं करून सांगितलं, की उजवी थोरली, डावी धाकटी, धाकटी लांबचं धरते. आणि घरातला माणूस छातीवर हात मारून सांगो की रिकामी आहे, उघडून बघितल्याशिवाय घोड्याला शिवायचं नाही. त्यानं थोरली-धाकटी म्हणून दाखवलं तेव्हाच त्याला सोडलं. काडतूस त्यानं रुमालात गुंडाळून सोबत नेलं. थोरला त्याला पोचवायला गेला.

घर रिकामं झालं. काकींनी कपाट बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. बाहेरची खुर्ची खिडकीशी नेली. बंदुकीची खोळ तिथंच पडली होती, डॉक्टरनं स्वतःची पेटी आणली होती. खोळ उचलून त्या मागच्या खोलीत गेल्या. बायका जेवायला गेल्या होत्या, सून एकटीच मशीनवर होती. पाय चालत नव्हता, नुसती बसली होती.

काकींनी खोळ तिच्यापुढं टाकली. म्हणाल्या, हिचं काहीतरी कर, उगाच पडून राहील.

सुनेनं खोळ मांडीवर घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं. मग वर न बघता म्हणाली, "आई, त्या दिवशी सकाळी मामंजींची वाचा गेलेली होती. आदल्या रात्रीपासूनच. मी उशाशी होते."

काकी खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मग? तुला काय म्हणायचंय?"

"काही नाही."

"काही नाही तर कामाला लाग." त्यांनी स्टूल ओढलं आणि सकाळपासून पहिल्यांदा बूड टेकलं. खोळीचं एक टोक उचलून डोळ्यांजवळ नेलं. "ही शिवण बघ. वाकडी गेलीय. उसव सगळी."

सुनेनं पाहिलं. शिवण दोरीत धरल्यासारखी सरळ होती. तिनं कात्री घेतली आणि एकेक टाका उसवायला लागली.